पत्ता नसलेली वस्ती

खाण म्हटलं की आपल्याला चंद्रपूर, वणी आठवतं, कोळसा आठवतो. आपल्या सातारा-सांगलीच्या पोटात कोळसा नाही, सगळा काळा कातळ. पण खाण ती खाणच. आपल्या दगडखाणीजवळच्या वस्तीला तर धड नावही नसतं. 'क्रशरवर राहतात' म्हणायचं, झालं.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका अंगणवाडीताईंबरोबर मी अशा एका वस्तीवर गेले. हायवे सोडून डोंगराकडे वळलं की आधी धूळ दिसते, मग वीस-पंचवीस पत्र्याची खोपटं. पाणी टँकर येईल तेव्हा. एकीला विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?" ती हसली. म्हणाली, "कुठलं सांगू? कार्डावरचं का राहायचं?" बारा वर्षं ती इथेच खडी भरतेय. रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यात, मतदानाचं नावही तिकडंच.

आता यातली मेख बघा. खोपटं खाणमालकाच्या जागेत, म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंद नाही. नोंद नाही म्हणून नळ नाही, घरकुल नाही. आणि मत इथलं नाही म्हणून कुणाला घाई नाही. ऊसतोडीच्या बायका पट्टा पडला की आपापल्या गावी जातात. या कुठं जाणार? वस्तीत बरीच घरं वडार समाजाची. आपल्या आईच्या पाट्या-वरवंट्याला टाकी लावायला दारावर यायच्या ना, त्यांच्याच या सुना-नाती. आपल्याकडे मिक्सर आला, पाटा माळ्यावर गेला, आणि त्यांच्या हातातली छिन्नी सुटून घमेलं आलं. (माझाही पाटा माळ्यावरच आहे, खोटं कशाला बोलू?)

हे आत्ताच लिहायचं कारण असं. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं. वाळू उपसून कृष्णेचं काय झालं ते आपल्याला कुणी सांगायला नको, म्हणून धोरणाला मी नावं ठेवणार नाही. पण ही वाळू होते दगड भरडूनच. म्हणजे खाणी वाढणार, तशा या वस्त्याही. धोरणात स्वामित्वधनाला सवलत आहे, ब्रासला ६०० ऐवजी २०० रुपये. स्वामित्वधनाच्या दहा टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत जाते. म्हणजे त्या हिशेबाने ब्रासमागे ६० रुपयांचे २० झाले. हा निधी कुणासाठी? खाणीची झळ बसणाऱ्यांच्या पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी, बायका-मुलांसाठी. धूळ वाढणार आणि धुळीचे पैसे घटणार, असा हा हिशेब आहे. शिवाय निधी मागायचा तर ठराव ग्रामपंचायतीचा लागणार, आणि तिच्या दप्तरात ही माणसंच नाहीत!

कायद्याचंही तसंच. १९५२ च्या खाण कायद्यात, सहा मीटरपेक्षा खोल नसलेल्या, पन्नासपर्यंत माणसं असलेल्या आणि सुरुंग न लावणाऱ्या दगडखाणींना बहुतेक तरतुदींतून सूट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या. त्यांत पाळणाघराची तरतूद आहे, पण पन्नासाहून जास्त कामगार असतील तिथे. या खाणीवर एवढी माणसं कुठली असायला? मी गेले तेव्हा सात-आठ महिन्यांचं एक पोर क्रशरपासून हाकेच्या अंतरावर झोळीत झोपलेलं होतं. आईने झोळीवर ओला फडका टाकलेला. फडका काळपट झालेला.

मला वाटतं, सुरुवात मोठ्या कामाने करायची गरजच नाही. खाणीला परवाना देताना तिथे राहणाऱ्या माणसांची यादी सक्तीची करावी, आणि ती यादी त्या गावच्या ग्रामपंचायतीत लागावी. परवान्याचा कागद तहसीलमधून जातोच की.

अंगणवाडीताईंनी त्या दिवशी सतरा पोरांची नावं लिहून घेतली. वस्तीवरच अंगणवाडी मागायचीय त्यांना, कारण गावातली दोन किलोमीटरवर आणि मध्ये डंपरचा रस्ता. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'क्रशरजवळ'. अर्ज गेलाय.