सरासरीचं गणित आणि खोक्यावरचं नाव

तर झालं असं. २०२३ च्या दिवाळीत सांगलीहून मामेभावाचा फोन. पठ्ठ्या लग्नाचं शूटिंग करतो. "दादा, नवीन डेस्कटॉप बांधतोय. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ सांग की. तू आयटीतला माणूस!"

घरातल्या आयटीवाल्याला बिघडलेल्या प्रिंटरपासून रेल्वेच्या तत्काळ तिकिटापर्यंत सगळं येतं असा नातेवाईकांचा समज असतो आणि आपणही तो कधी दुरुस्त करत नाही. मी शनिवारी दुपारी तासभर तुलनेचे तक्ते चाळले, त्याच्या बजेटात सगळ्यात लांब पट्टी कुणाची ते पाहिलं आणि नाव सांगून मोकळा झालो. वर आगाऊ शहाणपण: "बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर घे, पण ग्राफिक्स नसलेला. कार्ड आहेच, उगाच हजार-दीड हजार कशाला घालवायचे?"

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला आणि फोन आला. त्याचा कॅमेरा एचईव्हीसीमध्ये टेन-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतो. एडिटिंगला क्लिप टाकली की सगळं अडकत होतं. रात्रभर मशीन चालू ठेवून प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवायची आणि सकाळी कामाला बसायचं. एका पार्टीची फिल्म महिनाभर लांबली, त्यांनी राहिलेल्या पैशातले पाच हजार कापले. "गेम मात्र झकास चालतात बघ, दादा," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

चूक कार्डाची नव्हती, माझी होती. पण माझ्यासारखे हजारो शहाणे रोज हीच चूक करतात, म्हणून हा राग.

पहिली गोष्ट: एका कार्डात दोन कामगार राहतात. एक चित्र रंगवतो, तो गेमच्या कामाचा. दुसरा व्हिडिओ उलगडतो आणि गुंडाळतो, म्हणजे डीकोड-एन्कोड. त्याचा विभागच वेगळा. गेमचा तक्ता या दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ उलगडण्याची सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या फुकटच्या ग्राफिक्सला मात्र एचईव्हीसीचं ४:२:२ आधीपासून जमत होतं. म्हणजे मी वाचवलेल्या त्या दीड हजारात नेमकं हवं तेच होतं! उलट बाजू बघा. एएमडीच्या २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये एन्कोडरच नाही, आणि एव्ही१ डीकोडही नाही. त्याच वर्षीचं इंटेलचं आर्क ए३८० गेमच्या तक्त्यात तळाला, पण एव्ही१ एन्कोड हार्डवेअरमध्ये करतं. आता 'चांगलं' कोण? प्रश्नच चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट: सरासरी. ऑफिसात कुणी रिव्ह्यूमध्ये सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवला की आपण त्याला फाडून खातो. "पी-९९ दाखव!" आणि घरी येऊन सरासरी एफपीएसवर तीस हजार उडवतो. साधं गणित करू. ९० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदात आल्या आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंद रेंगाळली. झाला एक सेकंद. तक्ता म्हणेल ९१ एफपीएस, वा वा! खेळणाऱ्याला दिसतो तो गचका, आणि त्या गचक्यात तो मेलेला असतो.

हे गचके अनेकदा मेमरी भरल्यामुळे येतात. आरटीएक्स ४०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला २८८ जीबी वेगाने धावते. ८ जीबी भरली की उरलेला माल मदरबोर्डवरून आणायचा. तिथे या कार्डाला आठच लेन, म्हणजे पीसीआय ४.० वर सुमारे १६ जीबी आणि जुन्या ३.० च्या बोर्डावर त्याच्या निम्मे. एक्सप्रेसवेवरून थेट बोळात! म्हणून आधी 'वन पर्सेंट लो'चा आकडा बघा, सरासरी नंतर.

तिसरी गोष्ट, खरा संताप: नावं. एनव्हिडियाचं जीटी १०३० आलं २०१७ मध्ये, जीडीडीआर५ मेमरीसह, वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ वालं आलं, वेग सुमारे १७. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीवाल्यात मेमरीच नाही, कोअरही कमी: १२८० च्या जागी ११५२. आरटीएक्स ४०८० चं १२ जीबी मॉडेल जाहीर केलं सप्टेंबर २०२२ मध्ये. लोकांनी बोंब मारल्यावर ऑक्टोबरात मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून विकलं. म्हणजे बोंब मारली की नाव बदलता येतं! तरी २०२५ मध्ये ५०६० टीआय आणि एएमडीचं ९०६० एक्सटी, दोन्ही ८ आणि १६ जीबीत, एकाच नावाने. आकडा खोक्यावर असतो हे मान्य. पण तक्ता १६ चा बघायचा आणि दुकानातून ८ चं आणायचं, हे व्हायला कितीसा वेळ लागतो?

जानेवारी २०२५ मध्ये तर एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० इतकं चालेल. कसं? एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरून. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण त्या भरलेल्या फ्रेमना तुमच्या माउसचा पत्ता नसतो.

कुणी म्हणेल, एवढं कोण बघतं? बजेटात बसेल ते घ्यावं. शिवाय फुल एचडीवर व्हॅलोरंट खेळायला ८ जीबी भरपूर झाले. अगदी मान्य, त्यासाठी १६ चे पैसे मोजू नका. पण वरची यादी पुन्हा बघा: १०३०, ३ जीबीचं १०६०, ६५०० एक्सटी. सगळी तळातली कार्डं. लाखाचं कार्ड घेणारा दहा परीक्षणं वाचतो आणि फसला तरी त्याचं फारसं अडत नाही. कात्री लागते ती लॅमिंग्टन रोडवर पैसे मोजून उभ्या असलेल्या पोराला आणि कर्ज काढून धंदा मांडणाऱ्याला. एका नावाखाली दोन वस्तू विकणं मला तरी फसवणूकच वाटते, खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीही छापा.

असो. भावाचा प्रोसेसर मी बदलून दिला, माझ्या खिशातून. आता क्लिप सरळ चालतात. त्या पार्टीचे पाच हजार मात्र गेले ते गेलेच.

परवा परत फोन. "दादा, मित्राला कार्ड घ्यायचंय. कुठलं सांगू?"

या वेळी तक्ता उघडला नाही. म्हटलं, "आधी त्याला विचार, कॅमेरा कुठला, गेम कुठले आणि मदरबोर्ड किती जुना. मग फोन कर."