उमेदवारी की वेठबिगारी?

‘उमेदवारी’ हा शब्द ‘उमेद’ या शब्दापासून आला आहे. ज्याच्या मनात आशा आहे तो उमेदवार. पूर्वी सुताराच्या, सोनाराच्या किंवा छापखान्याच्या दारात मुलगा उमेदवारीला लागे तो हात बसावा, पुढे पोटापाण्याची सोय व्हावी या आशेने. आज कला महाविद्यालयांत शिकणारी आपली मुलेमुली त्याच आशेने मुंबईतील स्टुडिओंच्या, जाहिरातसंस्थांच्या आणि सजावटकारांच्या दारांशी उभी असतात. शब्द बदलून ‘इंटर्नशिप’ झाला. त्या आशेचे काय झाले, हा आमचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती कोणालाही दिसेल अशी आहे. तीन किंवा सहा महिने काम, वेतन नाही. फार तर रेल्वेच्या पासाचे पैसे आणि अखेरीस एक प्रमाणपत्र. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने दिवसभर संगणकावर छायाचित्रांच्या पार्श्वभूमी कापून काढाव्यात. शिल्पकलेच्या विद्यार्थिनीने फायबरच्या मूर्तींना पॉलिश कागद घासत बसावे. मालकाला ठरलेल्या वेळी माल मिळतो आणि त्याचे बिलही वसूल होते. उमेदवाराच्या शेजारी बसून त्याची रेषा सुधारण्यास मात्र कोणालाच सवड नसते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामास पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांकही मिळू लागले आहेत. म्हणजे जे पूर्वी ऐच्छिक होते, ते आता अनेकांना चुकवता येणार नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय नजरेस पडत नाही, कारण तो दाराबाहेरच घडतो. बिनपगारी सहा महिने काढणे कोणाला परवडते? ज्याचे घर दक्षिण मुंबईत आहे आणि ज्याच्या वडिलांना मुलाच्या कमाईची घाई नाही, त्याला. वसईच्या वाडीवाल्याची मुलगी किंवा उत्तनच्या कोळ्याचा मुलगा रंग, कॅनव्हास आणि फी यांच्या खर्चाने आधीच वाकलेला असतो. त्याने सहा महिने फुकट राबावे की कपड्यांच्या दुकानात विक्रेता म्हणून उभे राहावे? तो दुकानात उभा राहतो. पुढे लोक म्हणतात, ‘पोरगा चित्रे छान काढायचा, पण टिकला नाही.’ तो टिकला नाही असे आम्ही मानत नाही. त्याच्या बापाच्या खिशाची परीक्षा घेतली गेली आणि निकाल मुलाच्या बोटांवर लिहिला गेला.

कायदा काय म्हणतो? शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. 2014 च्या दुरुस्तीने त्याचे दार अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही उघडले आणि 2019 च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरविले. परंतु उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांनाच आहे. आपल्या मुलांना काम देणारे स्टुडिओ बहुधा पाचसहा माणसांचे. शिवाय कायद्याने नोंदलेला तो ‘शिकाऊ उमेदवार’. ज्याला ‘इंटर्न’ म्हटले, त्याची नोंदच नाही. एका शब्दाच्या आडोशाने एवढे साधते, म्हणूनच तो शब्द इतका लोकप्रिय झाला आहे.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की, मुले स्वखुशीने येतात. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने कामगाराने कठोर अट मान्य केली, तर ती स्वखुशी नसून तो बळजबरीचा बळी ठरतो, असे त्यांनी बजावले. दुसरे उत्तर असे की, कला ही गुरुगृही राहूनच शिकायची असते; तेथे पैशाची भाषा कशाला? या मंडळींना आम्ही 1488 साली घेऊन जाऊ इच्छितो. त्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोच्या पित्याने मुलाला गिर्लांदायो बंधूंच्या चित्रशाळेत तीन वर्षांसाठी ठेवले. वसारी या चरित्रकाराने त्या कराराची नोंद दिली आहे: पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी दहा, असे एकूण चोवीस फ्लोरिन गुरूने शिष्याला द्यायचे. पुढे सिस्टीन प्रार्थनालयाचे छत रंगविणारा हात विद्यावेतन घेऊन शिकला होता. परंपरेचा आधार घ्यायचा असेल, तर तो पूर्ण घ्यावा.

परंतु मुंबईच्या दिशेने दगड भिरकावून आमचे समाधान होणार नाही. आपल्या अंगणात काय चालते? नाताळचा गोठा, सणाची पताका, धर्मग्रामाच्या महोत्सवाचा फलक, स्मरणिकेचे मुखपृष्ठ, ही सारी कामे गावातील कला शिकणाऱ्या मुलाकडे येतात आणि सोबत एक वाक्य येते: ‘देवाचे काम आहे, पैसे कसले मागतोस?’ त्याच महोत्सवात मंडपवाल्याचे, रोषणाईवाल्याचे, बँडवाल्याचे आणि जेवणाच्या कंत्राटदाराचे बिल विनातक्रार चुकते होते. मग देवाचे काम एकट्या चित्रकारानेच का करावे? सेवा ही देणाऱ्याने आपण होऊन द्यायची वस्तू आहे. घेणाऱ्याने ती गृहीत धरली की तिचे नाव वेठ. मजुराची मजुरी बुडविणे हे स्वर्गाकडे दाद मागणारे पाप आहे, अशी आपल्या धर्मशिक्षणाची शिकवण आहे. तिला गोठ्याचा अपवाद नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीची घटना प्रसिद्ध केली. तिच्या सातव्या प्रकरणात बिशपांनी कलावंतांची विशेष काळजी वाहावी आणि जेथे उपयुक्त ठरेल तेथे पवित्र कलेची विद्यालये काढावीत, अशी इच्छा व्यक्त केली आहे. आपल्याकडे काय घडले, याचा दाखला अँजेलो दा फोन्सेका यांचा. 1902 साली गोव्यात जन्मलेला हा कॅथलिक चित्रकार जे. जे. कला विद्यालय सोडून शांतिनिकेतनात शिकला. त्याने साडी नेसलेली मरियामाता रंगविली, म्हणून स्वकीयांची टीका सोसली. त्याला आसरा दिला पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने, आणि तो आश्रम अँग्लिकन परंपरेतला. 1967 साली तो निवर्तला. आज त्याच्या चित्रांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. जिवंतपणी त्याला निवारा मात्र दुसऱ्यांनी दिला.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नवे चर्च किंवा नवी वेदी बांधली जाईल, तेव्हा वास्तुविशारदाबरोबरच्या करारातच दोन कला विद्यार्थ्यांची उमेदवारी लिहून घ्यावी आणि त्यांचे विद्यावेतन बांधकामाच्या अंदाजपत्रकात धरावे. जुन्या लाकडी मूर्तींवर एनॅमल रंगाचे थर चढविण्याऐवजी, जाणत्या कारागिराच्या हाताखाली विद्यार्थ्यांना मोबदला देऊन जतनाचे काम शिकवावे. असे काम शिकण्यासारखे आहे याची ज्यांना शंका असेल, त्यांनी जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कलासंग्रहालय पाहून यावे. आणि मुखपृष्ठ असो वा गोठा, काम लहान असले तरी मोबदला आधी ठरवावा व कलावंताचे नाव द्यावे. हा खर्च कोठून करायचा, असे विचारणाऱ्यांनी गेल्या महोत्सवाच्या रोषणाईचे बिल काढून पाहावे.

निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या उभारणीची कथा आहे. बसालेल आणि अहलियाब या कारागिरांना देवाने कौशल्य तर दिलेच, पण इतरांना शिकविण्याची बुद्धीही दिली, असे तेथे सांगितले आहे. आणि लोकांनी कामासाठी इतके आणून दिले की, ‘आता पुरे’ अशी दवंडी मोशेला पिटवावी लागली. शिकविणारा कारागीर आणि हात सैल सोडणारा समाज, या दोहोंच्या बळावर तो मंडप उभा राहिला. आपल्या धर्मग्रामांत अशी दवंडी पिटविण्याची पाळी लवकर येईल, असे आम्हांस वाटत नाही. निदान पहिली वर्गणी तरी पडू द्या, आणि ती यंदाच्या गोठ्यापासून पडू द्या.