सुका सेल, ओली बॅटरी आणि आपला कोरडा कारभार

घंटागाडी आली की ओला डबा, सुका डबा दिला आणि आपलं कर्तव्य संपलं. पण रिमोटमधला संपलेला सेल कुठल्या डब्यात टाकता? हाच प्रश्न मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारला तर लोक हसले. हसा, पण उत्तर द्या.

मुळात सुका सेल सुका नसतोच. 1866 चा लेक्लांशेचा सेल म्हणजे काचेच्या बरणीतलं नवसागराचं पाणी. हो, कल्हईवाला वापरायचा तोच नवसागर. पुढे त्या पाण्याऐवजी ओलसर लगदा जस्ताच्या डबीत भरला आणि त्याला 'ड्राय' नाव पडलं. म्हणून तर विसरलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात पाझरतो आणि आतल्या पट्ट्या खातो.

ओली बॅटरी म्हणजे इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची. शिशाच्या प्लेटा, सल्फ्युरिक ॲसिड, दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे. सेलपेक्षा कितीतरी जास्त विषारी. तरी ती उकिरड्यावर कधी दिसते का? नाही. दुकानदार जुनी घेतो आणि नवीच्या बिलातून पैसे कमी करतो. कारण शिशाला भाव आहे. सेलला कोण विचारतो?

म्हणजे प्रश्न ओल्या-सुक्याचा नाहीच, पैशाचा आहे.

कायदाही आधी पैशामागेच धावला. 2001 चे बॅटरी नियम फक्त शिशाच्या बॅटरीसाठी होते. 2022 च्या नियमांत सगळ्या बॅटऱ्या आल्या, अगदी पेन्सिल सेलसुद्धा. वापरलेला माल गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आली. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, ते यासाठीच. आता सांगा, तुमच्या किराणा दुकानात जुने सेल टाकायची पेटी पाहिलीय कधी?

"एवढ्याशा सेलनं काय होतं?" असं म्हणणाऱ्यांना सांगतो, त्याच डब्यात खेळण्यातली लिथियम बॅटरीही जाते. ती कचऱ्याच्या गाडीत चिरडली की पेट घेते. आणि तिथे हात घालणारा कचरावेचक आपल्या घरचा नसतो, म्हणून आपल्याला फरक पडत नाही.

ओल्या बॅटरीचंही सगळं आलबेल नाही. पावती न देणाऱ्या भंगारवाल्याला दिलीत तर ॲसिड गटारात आणि शिसं उघड्या भट्टीत जायची भीती आहेच. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर 3 मुलांपैकी 1 मुलाच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसं आहे, आणि बॅटऱ्या अशा गाळणं हे त्याचं एक मोठं कारण. दोनशे रुपये जास्त मिळाले म्हणून कुणाच्या पोराचा मेंदू विकायचा?

माझं म्हणणं सरळ आहे. सोड्याची रिकामी बाटली परत दिली की पैसे मिळायचे, तसं डिपॉझिट सेलवर लावा. 2022 च्या नियमांत त्याला जागा आहे. सेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात पेटी ठेवा, आणि ती कंपनीनं उचलावी. घंटागाडीला घातक कचऱ्याचा तिसरा कप्पा द्या.

तोवर सेल बरणीत साठवा आणि नगरसेवकाला विचारा, हे कुठे देऊ? शंभर जणांनी विचारलं तर उत्तर शोधावंच लागेल.