सुपरहिरोने राकाला मारलं, पण मुरबेच्या खाडीतला व्हिलन कोण?

२५ ऑगस्ट २०१६ ला ‘अ फ्लाइंग जट्ट’ रिलीज झाला. टायगर श्रॉफ सुपरहिरो, रेमो डिसूझा दिग्दर्शक. पिक्चर फारसा चालला नाही, पण त्याचा व्हिलन आजही बोलण्यासारखा आहे. कारण तो होता प्रदूषण. म्हणजे राका नावाचा एक धिप्पाड माणूस, जो विषारी कचऱ्यात पडतो आणि मग धूर, घाण खाऊन आणखी ताकदवान होत जातो.

आता योगायोग बघा. त्याच २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यातले मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात गेले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेची तक्रार होती की तारापूर एमआयडीसीचं रासायनिक सांडपाणी मुरबे, नवापूर, दांडी, सातपाटी पट्ट्यातल्या खाड्यांत आणि समुद्रात येतंय, मासळी मरतेय. इथे मारायला राका नव्हता. होतं काय, तर कारखान्यांचं सांडपाणी, ते साफ करणारं २५ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला अडीच कोटी लिटर क्षमतेचं सामायिक केंद्र आणि त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी असलेल्या सरकारी यंत्रणा.

जानेवारी २०२२ मध्ये लवादाने निकाल दिला. १०२ उद्योग आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र मिळून शंभर कोटींपेक्षा जास्त भरपाई ठरवली. एकशे दोन! एवढ्या व्हिलनना पडद्यावर कोण ठोसे मारणार?

खरं तर ‘फ्लाइंग जट्ट’कडे चांगला व्हिलन होता. के. के. मेननने केलेला उद्योगपती मल्होत्रा. त्याला जमीन हवी, नफा हवा, हे आपल्याला ओळखीचं आहे. पण पिक्चर त्याला बाजूला सारतो आणि मारामारी राकाकडे देतो. ती थेट अवकाशात जाते. राका संपला की प्रदूषण संपल्यासारखं वाटतं आणि मल्होत्राला माल विकणारे, परवानगी देणारे, डोळेझाक करणारे सगळे सुटतात.

आपल्या सुपरहिरो पिक्चरची ही जुनी खोड आहे. ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) भेसळीपासून बॉम्बपर्यंत सगळं पाप एकट्या मोगॅम्बोच्या खात्यावर. अमरीश पुरींमुळे ते खपलं. ‘क्रिश ३’च्या (२०१३) कालचं तसं झालं नाही.

याउलट मल्याळम ‘मिन्नल मुरली’ (२०२१) बघा. गुरु सोमसुंदरमचा शिबू चहाच्या टपरीवर काम करणारा, गावाने वेडा ठरवलेला माणूस. तो चुकतो, माणसं मारतो, तरी त्याला तसा घडवण्यात गावाचा हात दिसतो. ‘ब्लॅक पँथर’चा किलमाँगरही असाच. त्याचा मार्ग पटत नाही, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

मुरबेच्या गोष्टीत तो प्रश्न कोणता? पोटाचा. बोईसरचं बाजारपेठ म्हणून वाढणं, भाड्याच्या खोल्या, टपऱ्या, हे सगळं त्याच कारखान्यांवर उभं आहे. ज्या घरात आई मासळी विकते, त्याच घरातला पोरगा एमआयडीसीत शिफ्टला जात असू शकतो. असा व्हिलन लिहायचा तर त्याच्या तोंडी रोजगाराचा मुद्दा द्यावा लागेल आणि तो खोटाही नसेल.

आता मुरबेच्या किनाऱ्यावर मोठं बंदर प्रस्तावित आहे. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि बंदराच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा पुन्हा रोजगाराचाच आहे.