व्हिजिटला कोण येणार?

परवा रात्री अकराला आजी मला अचानक माझ्या काकांच्या नावाने हाका मारायला लागली. वय ८७. ताप नाही, पडली नाही, नुसतं असंबद्ध बोलणं. या वयात लघवीच्या साध्या इन्फेक्शननेही असं होऊ शकतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी कळलं ते इतकंच, की घरी येईल असा एकही डॉक्टर आपल्याला माहीत नाही!

लहानपणी आमचे फॅमिली डॉक्टर स्कूटरवरून बॅग घेऊन यायचे. ते रिटायर झाले आणि 'व्हिजिट' हा शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे. पण अ‍ॅम्ब्युलन्स शेवटी नेणार हॉस्पिटलातच. आम्हीही गेलो. लिफ्ट नाही, म्हणून आजीला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. कॅज्युअल्टीत पाच तास, डोळ्यांवर ट्यूबलाइट. ती आणखीच बावचळली. "घरी ने रे मला," एवढंच म्हणत होती. सकाळी निघालं काय, तर लघवीचं इन्फेक्शन. गोळ्या घेऊन परत.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर हॉस्पिटलच गाठायचं, वाद नाही. पण आमच्याकडे रात्री सर्व्हर बोंबलला तर ऑन-कॉल माणूस आधी आहे तिथेच बघतो, पेटी उचलून पळत सुटत नाही. माणसांसाठी अशी मधली पायरीच नाही.

कारण पैसा खाटेला बांधलाय. मेडिक्लेमला साधारणपणे २४ तास अ‍ॅडमिट व्हावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत सत्तरीपुढच्या सगळ्यांना लागू झालं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. चांगलंच आहे, पण तेही अ‍ॅडमिट झालात तर. घरी येणाऱ्या डॉक्टरची फी त्यात कुठेच बसत नाही.

इंग्लंडमध्ये अशा वेळी नर्स वगैरेंची टीम दोन तासांत घरी पोचावी असा दंडक आहे, निदान सकाळी ८ ते रात्री ८. आमचे अकरा तिथेही बसले नसते म्हणा! पण मुळात कुणीतरी घरी यायला हवं, हे तिथे मान्य तरी आहे.

असो. सरकार आणि विमा कंपन्या जाग्या होतील तेव्हा होतील. या वीकेंडला एवढंच करा: घरी येणारा डॉक्टर आणि घरी येऊन रक्त नेणारी लॅब शोधा, त्यांचे नंबर आणि चालू औषधांची यादी फ्रीजवर लावा. आमच्या फ्रीजवर यादी लागली आहे. डॉक्टरची जागा अजून रिकामी आहे.