पिवळ्या पिनेचं चित्र

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात 43 इंची टीव्ही आता नवलाचा राहिलेला नाही. पण कापसाच्या पैशातून घेतलेल्या त्या टीव्हीवर चित्र धूसर दिसलं आणि घरातले त्यालाच बोल लावू लागले की मला वाईट वाटतं. दोष बहुतेकदा मागच्या वायरीत असतो.

फ्री डिशच्या बॉक्समधून लाल-पांढरी-पिवळी अशी तीन पिनांची वायर आलेली असते. लाल-पांढऱ्यातून आवाज, आणि सगळं चित्र त्या एकट्या पिवळ्या पिनेतून. रंग आणि उजेड एकाच तारेत कालवून पाठवण्याची ही रीत जुन्या डबा टीव्हीच्या काळातली. तिच्यात जेमतेम 576 ओळी मावतात. समोरचा फुल एचडी पडदा मात्र 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपक्यांचा. कमी पडतं ते टीव्ही अंदाजाने भरतो.

बऱ्याच बॉक्सना एचडीएमआयचं तोंडही असतं, पण बसवणारा खोक्यातली वायर जोडून निघून जातो. ते तोंड वापरा. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत, त्या यामुळे एचडी होणार नाहीत. रंग कडेला पसरणं मात्र थांबेल. खऱ्या एचडीसाठी बॉक्स आणि वाहिनी दोन्ही एचडी लागतात.

आता वायर कोणती? इथे दुकानदाराचं ऐकू नका, असं मी स्पष्ट सांगतो. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते नीट पोचले तर साध्या आणि महागड्या वायरीचं चित्र एकच. नाही पोचले तर पांढरे ठिपके चमकतात, आवाज तुटतो, नाहीतर पडदा काळा होतो. सोन्याच्या मुलाम्याने रंग खुलत नाहीत. फुल एचडीला ‘हाय स्पीड’ वायर पुरते. 4के चित्र सेकंदाला 60 फ्रेमने हवं असेल तर 18 गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या. लांबी लागेल तेवढीच ठेवा. दहा मीटरच्या पुढे साधी तांब्याची वायर दगा देऊ शकते.

साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या तोंडालाच जोडा, दुसऱ्या एचडीएमआय तोंडातून टीव्हीचा आवाज त्याच्याकडे जाणार नाही. बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये जुना ॲम्प्लिफायर घालताना मात्र जपा. 4के सिनेमांना एचडीसीपी 2.2 नावाचं कुलूप असतं. साखळीतल्या एका यंत्राकडे त्याची किल्ली नसली, तरी चित्र खालच्या दर्जाचं येतं किंवा येतच नाही.

आणि अर्थिंग. पैसे खर्चायचेच असतील तर आधी इथे खर्चा. अर्थिंग नसलेल्या घरात चालू यंत्रांत एचडीएमआय खुपसली, तर गळतीचा करंट त्या नाजूक पिनांतून धावतो आणि तोंड जळतं. जोडण्यापूर्वी दोन्ही प्लग काढा. वळवाचं आभाळ भरून येताना दिसलं, की गडगडाट सुरू होण्याआधीच डिशची वायर बॉक्समधून सोडवून ठेवा.