लेकरू परदेशी निघालंय, त्याआधी

लेकरू शिकायला परदेशी निघालं की तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून देता. तशीच एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. तिकडे त्याला कोण काय म्हणेल, हे बोलून घ्या.

आधी फॉर्म. 'नॅशनॅलिटी' म्हणजे पासपोर्ट कोणत्या देशाचा, एवढंच. तिथे 'इंडियन' लिहायचं. 'एथ्निसिटी' किंवा 'रेस' विचारली, तर तो प्रश्न वाडवडील कुठले याचा. अमेरिकेत 'अमेरिकन इंडियन' असा रकाना दिसेल. घाईत त्यावर खूण करू नका. तो तिथल्या मूळ रहिवाशांचा आहे. आपला रकाना 'एशियन'.

पुढे कधी त्याने तिकडचं नागरिकत्व घ्यायचं म्हटलं, तर नीट ऐकून घ्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. आपला पासपोर्ट परत करावा लागतो. मग 'ओसीआय' (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकतं, पण त्यावर मतदान करता येत नाही. शेतजमीन विकतही घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र राहते.

आता बोलण्यातलं. ब्रिटनमध्ये 'एशियन' म्हटलं की लोकांना बहुधा भारत, पाकिस्तान, बांगलादेशची माणसं आठवतात. अमेरिकेत त्याच शब्दाला चिनी, जपानी चेहरे आठवतात. "तू एशियन कसा?" असं कुणी विचारलं, तर लगेच राग धरू नये. मेक्सिकोच्या मुलासमोर फक्त 'अमेरिकन' म्हणताना जरा थांबावं. त्यांच्या शाळेत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. आणि आफ्रिकेत 54 देश आहेत. वर्गमित्र 'आफ्रिकन' एवढंच सांगून भागत नाही. केनियाचा की नायजेरियाचा, हे विचारावं.

आपल्याला हे लवकर कळायला हवं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कानडी. त्यांना बाहेर कुणी 'मद्रासी' म्हटलं की खुपतंच ना? मणिपूर-नागालँडच्या मुलांना तर 2020 च्या करोनात आपल्याच देशात 'चिनी' म्हणून हिणवलं गेलं. तुमच्या घरात कुणी तसं बोलत असेल, तर आजच थांबवा. लेकरू घरात ऐकतं तेच बाहेर बोलतं.

निघण्याआधी त्याला भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक दाखवून आणा. सोलापूरचे हे डॉक्टर 1938 मध्ये चार भारतीय सहकाऱ्यांबरोबर जखमींची सेवा करायला चीनला गेले. तिथे ते 'के दीहुआ' झाले. त्यातला 'हुआ' म्हणजे चीन. लग्न तिकडच्याच परिचारिकेशी, गुओ चिंगलान यांच्याशी केलं. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले, तेव्हा त्यांचं बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं होतं. त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.